याला भावकी नाही

माझ्या भाचीच्या लग्नपत्रिकेवर स्थळ छापलं होतं 'मुलीच्या घरासमोरील प्रांगण', आणि त्या प्रांगणात तेव्हा डोक्याच्या वर गेलेला ऊस उभा होता.

आमच्याकडं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इस्लामपूरकडून कृष्णेच्या काठाला येताना जी गावं लागतात, तिथली निम्मी लग्नं अशाच प्रांगणात लागतात. लग्नाच्या आधी घरापुढचं रान मोकळं होतं, पाचट गोळा होतं, वरून सतरंज्या पडतात आणि मांडव उभा राहतो. वऱ्हाडातल्या बायकांच्या चपलांना खालून उसाचे बुडखे टोचत राहतात, पण तक्रार कुणी करत नाही, कारण त्यांच्या घरची लग्नंही बुडख्यांवरच झालेली असतात. कार्यालय घेतलं तर मात्र लोक विचारतात, यांना रान नाही का? आणि दादाला, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाला, कुणी असं विचारलेलं अजिबात खपलं नसतं. सगळा प्रश्न एवढाच होता की लग्नाच्या आत ऊस तुटला पाहिजे.

ऊस कधी तुटणार हे शेतकरी ठरवत नाही, साखर कारखान्याचं शेतकी ऑफिस ठरवतं. ज्याच्या उसाची लागण आधी, त्याच्याकडं तोडणीची टोळी आधी, असा पाळीचा नियम. हा नियम ऑफिसच्या भिंतीवर काचेत लावलेला होता आणि काचेतून बाहेर आलेला कुणी पाहिला नव्हता. कुणाचा पाहुणा संचालक, कुणाचा मेहुणा तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा चिटबॉय, कुणी चेअरमनच्या वाढदिवसाला सगळ्यात मोठा फ्लेक्स लावलेला. अशा लोकांच्या उसाला जणू पाय फुटायचे आणि तो लवकर कारखान्यावर पोचायचा. दादाचा ऊस मात्र दरवर्षी शेजाऱ्यांचे खोडवे, म्हणजे तुटल्या बुडख्यांना फुटलेला नवा ऊस, गुडघ्याला आल्यावर तुटायचा. त्याची खात्री होती की हे मतदानामुळं होतं. त्यानं कुणाला मत दिलं हे त्यानं स्वतःच चावडीवर सांगितलं होतं, त्यामुळं मलाही तसंच वाटायचं.

मग यंदा कारखान्यात बॉट आला.

बॉट म्हणजे संगणकातला गडी. माणूस रोज स्क्रीनवर जे उघडतो, टाइप करतो, बंद करतो, ते सगळं तो एकदा बघून ठेवतो आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः करतो. मी साताऱ्यात एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. आमच्याकडं तो आधीच आलेला आहे, हजेरीचं काम बघतो. ज्या दिवशी त्याला काम शिकवलं त्या दिवशी प्राचार्य रजेवर होते, तेव्हापासून तो रोज प्राचार्यांची रजा मांडतो. आजवर कुणालाच ते चुकीचं वाटलेलं नाही.

कारखान्यातल्या बॉटचं उद्घाटन मात्र दणक्यात झालं. नारळ फुटला, संगणकाला हार घातला, आणि तो हार वाऱ्यानं पंख्यात अडकून पाकळ्या सगळ्यांच्या डोक्यावर पडल्या, तो शुभशकुन धरला गेला. चेअरमन माईकवर म्हणाले, "सभासद बंधूंनो, आजपर्यंत पाळीबद्दल लय तक्रारी आल्या. आता माणसाचा हातच लागणार न्हाई. ह्या यंत्राला ना मेव्हणा, ना पावणा. याला भावकी न्हाई!" टाळ्या पडल्या. पारदर्शक कारभार दिसावा म्हणून ऑफिसच्या व्हरांड्यात एक मोठा टीव्ही लावला. सकाळी बॉट पाळ्या लावायला लागला की ते कुणालाही उभं राहून बघता यायचं. आमच्या भागात जेसीबी खड्डा काढत असला तरी माणसं कामधंदा सोडून बघत बसतात, इथं तर बाण आपोआप हलत होता.

त्याच समारंभात आमच्या अण्णालाही शाल आणि नारळ देऊन घरी पाठवलं. अण्णा म्हणजे आमचा थोरला चुलतभाऊ, शेतकी ऑफिसचा हेडक्लार्क. पाळ्या लावायचं काम इतकी वर्षं त्याच्याकडंच होतं, आणि ते काम आता बॉट करणार होता. अण्णाची आणि दादाची रानं एकमेकांना लागून आहेत. मध्ये एक बांध आहे, त्यावरून मांजर नीट चालणार नाही एवढा. त्या बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. मोजणी झाली, दगड रोवले गेले, दगड उपटले गेले, आणि एकमेकांना निरोप द्यायचा तर तो दूध घालायला येणाऱ्या माणसाकरवी जायचा. मी साताऱ्याहून आले की दोन्हीकडं जाते. त्यामुळं दोन्हीकडं माझ्यावर संशय आहे.

लग्न माघातलं. दिवाळी झाली, टोळ्या आल्या, आजूबाजूची रानं भराभर मोकळी झाली. यंदा बॉट असल्यामुळं दादा निवांत होता. लागणीच्या तारखेप्रमाणं त्याचा नंबर अगदी वरचा होता. नंबर आला, आणि टोळी दादाच्या रानापुढून पुढच्या रानात गेली. चौकशी केली तर मोबाईलवर उत्तर आलं, रान ओलं आहे. ओल्या रानात उसाची गाडी रुतते, म्हणून तिथं टोळी पाठवत नाहीत.

रानाला भेगा पडल्या होत्या. दादानं पाणी कधीच बंद केलं होतं. शेतकी ऑफिसचा माणूस बघायला आला, त्यानं सरीत पाय आपटून बघितला, धुरळा त्याच्या पँटला लागला. पँट झाडत तो म्हणाला, "दादा, रान वाळल्यालं हाय, हे मला दिसतंय. पर सिस्टीमला ओलं हाय."

"मग सिस्टीमला म्हणावं ये हितं, आन घाल पाय," दादा म्हणाला.

त्या माणसानं संध्याकाळी ऑफिसात जाऊन 'रान वाळलेलं' अशी नोंद केली. तो सज्जन होता. सकाळी पुन्हा 'रान ओलं'. परत त्यानं वाळवलं, परत सकाळी ओलं. रोज संध्याकाळी वाळणारं आणि रोज सकाळी भिजणारं असं ते जिल्ह्यातलं एकमेव रान असावं. दादानं शेतकी ऑफिसच्या साहेबांची गाठ घेतली, तर साहेब म्हणाले, माणसाचा हात लावायचा नाही असा ठराव आहे. चेअरमनना भेटला, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "यंत्र कवा खोटं बोलत न्हाई. एकदा तुमची विहीर बघून घ्या, झिरपत आसंल." दादाची विहीर रानाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, आणि त्या दिवसांत तिच्यात बादली बुडायची मारामार होती.

तोवर पत्रिका वाटल्या गेल्या होत्या आणि तयारीसाठी मीही रजा काढून आले होते. मुलाकडची मंडळी कोरेगावची. मुलाच्या मामांचा फोन आला, "प्रांगण मोठं हाय न्हवं? आमची मान्सं लय हायीत." वहिनीनं ठासून सांगितलं, "लय मोठं हाय, एका नजरंत मावत न्हाई." फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. भाची तिला समजावत होती की आपण सांगलीत हॉल बघू. एवढ्या उशिरा हॉल मिळणार नव्हता, हे त्या दोघींनाही माहीत होतं. मला त्या पोरीचा फार लळा आहे. माझं डोकं फिरलं, आणि मी रजा वाढवून दुसऱ्या दिवशी सकाळी दादाबरोबर कारखान्यावर गेले.

व्हरांड्यात ही गर्दी. बॉटनं काम सुरू केलं. आधी त्यानं एक रिकामी चौकट उघडली, तिच्यात 'श्री' लिहिलं, आणि लगेच खोडलं. मग पाळ्यांचं पान उघडलं. एक एक गट नंबर घेत तो खाली येत होता. मध्येच बाण जागच्या जागी थांबला आणि हलेचना. मला वाटलं बंद पडला. शेजारचे म्हातारे म्हणाले, "च्याला गेलाय. यील आता." आणि खरंच, एक कप चहा पिऊन, वर चार गप्पा मारून माणूस परत यावा इतक्या वेळानं बाण हलला. चारपाच नंबर पुढं जाऊन आमच्या गटावर आला. पुढच्या चौकटीत शांतपणे 'रान ओलं' लिहिलं आणि पुढं गेला.

मला रानाचं काही सुचेना, माझ्या डोक्यात ते 'श्री'च घोळत होतं. काही लिहायच्या आधी श्री लिहून खोडणारा माणूस मी जन्मात एकच बघितला आहे. अण्णा शाळेत पाटीवरही असंच करायचा, थुंकी लावून पुसायचा, आणि आमच्या आजोबांकडून मार खायचा.

त्या दिवशी पुण्याच्या कंपनीची एक मुलगी आलेली होती, गळ्यात पट्टा, हातात लॅपटॉप. मी तिला विचारलं, "बाई, हे 'रान ओलं' तुमच्या बॉटला कुणी शिकवलं?"

"आधीच्या क्लार्क सरांनी," ती म्हणाली. "आम्ही त्यांच्या कामाचं रेकॉर्डिंग केलं ना. त्यांना सांगितलं, रोज करता तसंच करा, काही वेगळं करू नका. या गटाला ते रोजच 'ओलं' टाकायचे म्हणाले. आम्हाला वाटलं तिथं ओढा असेल."

बिचाऱ्या अण्णानं आयुष्यात एकदा कुणाचं तरी तंतोतंत ऐकलं होतं, आणि ते असं. दादाकडं बघितलं तर त्याचा चेहरा पडलेला. इतकी वर्षं त्यानं या प्रकाराला राजकारण समजून शिव्या दिल्या होत्या, उपोषणाला बसायची भाषा केली होती, आणि त्यामागं निघाला फक्त चुलतभाऊ. मला वाटतं त्याला रागापेक्षा अपमान जास्त वाटला.

मी तशीच तणतणत अण्णाच्या घरी गेले. तो अंगणात शेंगा फोडत बसला होता. त्याचं रान बांधापलीकडं कधीच मोकळं होऊन नांगरून पडलं होतं.

"अण्णा, दादाच्या गटाला ओलं लावलंस व्हय रं?"

"म्या? म्या रिटायर हाय. यंत्र हाय ते, त्याला इचार."

"यंत्र आदी श्री लिव्हतंय, मग खोडतंय. च्यालाबी जातंय."

अण्णाच्या हातातली शेंग हातातच राहिली. मग त्यानं बांधाचं पुराण काढलं, दगड कुणी उपटला, त्याच्या वडिलांना आमच्या वडिलांनी भर बाजारात काय म्हटलं. मी म्हटलं, ते दोघं वर जाऊन एका पंगतीला बसले असतील, तू पोरीचं बघ. पोरीच्या बारशाला गावभर पेढे वाटायला तूच पुढं होतास. तो म्हणाला, "मग मी जाऊन सांगू का समद्यांम्होरं, की म्या खोटं लिव्हत हुतो? टीवीवर?"

"सांग की. पारदर्शक कारभार हाय."

तो उठून आत गेला, आणि मी रडत घरी आले. रडायचं कारण लग्न होतंच, पण त्याहून जास्त हे होतं की मला माझ्या या भावाची चीड येत होती आणि त्याची कीवही येत होती.

अण्णाला हलवलं ते माझ्या बोलण्यानं नाही. आमच्याकडं भांडण कितीही असो, पत्रिकेवर भावकीतल्या थोरल्याचं नाव निमंत्रक म्हणून सगळ्यात वर छापावं लागतं. नाही छापलं तर गाव नावं ठेवतं. तसं दादानं दात ओठ खात अण्णाचं नाव छापलं होतं. आणि पत्रिका भावकीला नवराबायकोनं घरी जाऊन अक्षता देऊन द्यायची, हेही चुकत नाही. तेवढी एक पत्रिका त्यानं शेवटाला ठेवली होती. त्या संध्याकाळी दादा आणि वहिनी अण्णाच्या दारात गेले. आत बसायला कुणी बोलावलं नाही, यांनीही विचारलं नाही. वहिनीनं कुंकू लावून पत्रिका अण्णाच्या हातात दिली. दादा दुसरीकडं बघत उभा.

अण्णानं चष्मा लावून पत्रिका वाचली. वर स्वतःचं नाव. खाली 'मुलीच्या घरासमोरील प्रांगण'. परत वर, परत खाली. वहिनी सांगते, त्याचे ओठ हलत होते.

सकाळी तो दुधाच्या माणसाची वाट न बघता स्वतः बांध ओलांडून आमच्या दारात आला. दादाशी बोलला नाही, मला म्हणाला, "पत्रिकंवर नाव माजं हाय. कोरेगावची मान्सं उसात उतारली की मलाच इचारनार, अण्णा, मांडव कुठं हाय?" पश्चात्तापाचा एक शब्द नाही, चूक झाली असं नाही. लाज फक्त कोरेगावची. तरी मी म्हटलं, चाललाय तर चालू दे.

बॉटला पुन्हा शिकवायचं म्हणजे पुन्हा अण्णालाच बसवायला हवं होतं, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. साहेबांनी ठराव बघितला. माणसाचा हात पाळीला लावायचा नव्हता, पण बॉटला शिकवताना लागला तर चालतो, असा अर्थ त्यांनी काढला. ज्याला शाल देऊन घरी पाठवलं त्याला गाडी पाठवून बोलावलं. व्हरांड्यातला टीव्ही चालूच होता. बातमी फुटली होती, त्यामुळं सभासदांची गर्दी नेहमीपेक्षा जास्त. आतल्या खोलीत अण्णा, बाहेर आम्ही. दारातून त्याची पाठ दिसत होती आणि टीव्हीवर त्याचा बाण. पुण्याच्या मुलीनं त्याला सांगितलं, "सर, रोज करता तसंच करा."

अण्णानं श्री लिहिलं, खोडलं. कामाला लागला. इतके दिवस घरी बसून माणूस विसरला असेल म्हणावं तर नाही, त्याचा हात एखाद्या जुन्या सुगरणीसारखा चालत होता. मध्ये थांबून त्यानं चहाही घेतला, आणि बाहेर कुणीतरी म्हणालं, "बघा, आता खरा च्या." लोक हसले. मग बाण आमच्या गटावर आला.

आणि अण्णाच्या बोटांनी 'रान ओलं' लिहिलं.

मी शपथेवर सांगते, त्यानं मुद्दाम लिहिलं नाही. बोटं आपोआप गेली. दादाची मूठ आवळली, मी त्याचं मनगट धरलं. टीव्हीवर ती दोन अक्षरी दोन शब्दांची चौकट तशीच होती, तिच्यापुढं ती उभी रेघ उघडझाप करत होती. आत अण्णाची पाठ हलत नव्हती. मग त्यानं एक अक्षर खोडलं. मग आणखी एक. हळूहळू, पाटी पुसावी तसं, सगळं खोडलं, आणि चौकट रिकामी ठेवून पुढं गेला.

काम संपल्यावर ती मुलगी म्हणाली, "सर, मध्ये एके ठिकाणी चुकून टाइप झालं आणि डिलीट केलंत. आपण परत रेकॉर्ड करू या?"

अण्णा खुर्चीवरून उठत होता. म्हणाला, "नगं. बराबर झालंय. मला रोज तेवढंच लागंल."

टोळी आली. ऊस तुटला, वरचे हिरवे वाढे गावानं जनावरांना नेले, पाचट गोळा झालं, आणि माघातल्या त्या मुहूर्ताला प्रांगण प्रांगणासारखं दिसत होतं. अण्णा निमंत्रक म्हणून पुढच्या रांगेत बसला, कोरेगावच्या मामांना प्रांगणाची लांबीरुंदी त्यानंच समजावून सांगितली. दादा आणि तो आजही एकमेकांशी बोलत नाहीत. बांध अजून तेवढाच आहे, किंबहुना अण्णाच्या नांगरानं यंदा तो थोडा आमच्याकडं सरकला आहे असं दादाचं म्हणणं. अक्षता पडायच्या आधी चेअरमननी माईक हातात घेतला. वधूवरांना आशीर्वाद देऊन झाल्यावर म्हणाले, "आज हे प्रांगण वेळेत मोकळं झालं ते कुणामुळं? आपल्या यंत्रामुळं! त्याला भावकी न्हाई!" पुढच्या रांगेत अण्णानं सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

आता ऊस नाही, लग्न झालं, भाची कोरेगावला नांदते आहे. पण हंगाम संपेपर्यंत बॉट रोज सकाळी आमच्या त्या गटावर येतच राहतो. रिकाम्या रानापुढं 'रान ओलं' लिहितो, अण्णा थांबला होता तितकाच थांबतो, आणि एकेक अक्षर खोडतो. दादाला आता त्या व्हरांड्यात काही काम नाही. तरी डेअरीला दूध घालून येताना तो तिथं उभा राहतो, गाडी बंद न करता, सगळी अक्षरं जाईपर्यंत. मी गेल्या वेळी माहेरी होते तेव्हा बघितलं, तो घरी आला की वहिनी आतूनच विचारते, "खोडलं का?" दादा किटली खाली ठेवतो, म्हणतो, "खोडलं," आणि मग ती चहाचं आधण ठेवते.